गेलेलं कुलाबा टर्मिनस

चर्चगेटच्या पुढे लोकल का जात नाही, हा प्रश्न आजच्या प्रवाशाला पडतच नाही. पुढे रूळच नाहीत! पण ३१ डिसेंबर १९३०पर्यंत ते होते. ओव्हल मैदान, कूपरेज मागे टाकत गाडी थेट कुलाब्याला जाई, आणि चर्चगेट हे वाटेतलं एक साधं स्टेशन होतं.

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेची पूर्वज कंपनी. तिने एप्रिल १८६७मध्ये विरार ते बॅकबे अशी दिवसाला जाऊन-येऊन एक गाडी सुरू केली. पुढच्या दशकात रूळ कुलाब्यापर्यंत गेले. तिथे कारण होतं कापूस. गुजरातचा कापूस उतरवायला कुलाब्यात वखारी होत्या, कापसाचा बाजारही तिथेच भरे. १८९६मध्ये टर्मिनसची नवी इमारत उभी राहिली. उपनगरांतल्या गाड्यांबरोबर लांब पल्ल्याच्याही गाड्या इथून सुटत. पेशावरला जाणारी फ्रंटियर मेल १९२८मध्ये निघाली ती इथूनच.

त्याच वर्षी ५ जानेवारीला कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल धावू लागली. नवे खांब, नव्या तारा, नवे डबे. आणि तीन वर्षांच्या आत कुलाब्याकडच्या टोकाला सगळं उखडायची वेळ आली.

प्रवासी कमी झाले म्हणून नव्हे. बॅकबेत समुद्र हटवून जमीन काढायची सरकारची मोठी योजना होती आणि रेल्वेमार्ग नेमका शहर व त्या नव्या जमिनीच्या मध्ये पडला होता. गंमत अशी, की रूळ गेले तरी भराव ठरल्याप्रमाणे पुरा झालाच नाही. त्यातला पैशांचा घोळ खुर्शेद नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. नरिमन पॉइंट हे नाव त्यांचंच.

लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी मुंबई सेंट्रल बांधलं गेलं. डिसेंबर १९३०मध्ये ते खुलं झालं आणि महिनाअखेर कुलाब्याला कुलूप लागलं. लोकलचं शेवटचं स्टेशन झालं चर्चगेट. दक्षिण मुंबईचा तो कोपरा पुढे कित्येक दशकं बस-टॅक्सीवर राहिला, हा सौदा मुंबईकराला महागच पडला.

स्टेशनच्या जागेवर आज बधवार पार्क आहे: रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत.