आजारी घोडा घाट कसा उतरणार?

माथेरानला जाऊन आलेल्या कुटुंबाच्या अल्बममध्ये घोड्यावर बसलेल्या मुलाचा एक फोटो हमखास असतो. लगाम धरून उभा असलेला घोडेवाला त्यात बहुधा अर्धाच आलेला असतो. हाच घोडा आजारी पडला तर त्याचे काय होते, हे मात्र आपण कधी विचारत नाही.

१८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेले आणि पुढे येथे थंड हवेचे गाव वसले. १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी आली. मोटारींना मात्र आजही दस्तुरी नाक्यावरच थांबावे लागते. २०२२ च्या डिसेंबरपासून प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा आल्या, त्यामुळे म्हाताऱ्यांची आणि शाळकरी मुलांची पायपीट कमी झाली. तरी पॉइंट दाखवायला आणि सामान वाहायला घोडा हवाच. तो चार दिवस बसला, की मालकाच्या घरची कमाईही बसते.

घोड्याचे दुखणे पुष्कळदा पायापासून सुरू होते. खूर महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, म्हणून दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंदाकडून नाल काढून, खूर तासून पुन्हा ठोकावी लागते. खिळा चुकून आतल्या नाजूक भागात गेला, तर पू होतो आणि धनुर्वाताची भीती असते. ती टाळणारी लस स्वस्त असते, पण जनावर धडधाकट दिसले की टोचून घ्यायचे राहून जाते! रस्त्यांना पेव्हर ब्लॉक बसवायला घोडेवाल्यांनी विरोध केला, तो हट्ट नव्हता. गुळगुळीत उतारावर लोखंडी नाल घसरते.

खरी धास्ती असते ती पोटशूळाची. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात जे अडकले ते मागूनच बाहेर पडायचे. चंदी अचानक वाढवली, पाणी कमी पडले, किंवा पर्यटकांनी हौसेने नको ते खाऊ घातले, की घोडा पुढच्या पायाने जमीन उकरू लागतो, वळून वळून पोटाकडे पाहतो, लोळतो. शांत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. ती ६० च्या वर राहिली तर एक तासही दवडू नये. डॉक्टर नाकातून जठरापर्यंत नळी घालतात, वेदना थांबवणारे इंजेक्शन देतात. बरेच घोडे एवढ्याने सावरतात. आतड्याला पीळ पडला असेल, तर मात्र शस्त्रक्रियेवाचून इलाज नाही आणि ती होते शहरात. म्हणजे वेदनेने लोळणाऱ्या जनावराला आधी दस्तुरीपर्यंत चालवत न्यायचे, तेथे ट्रकमध्ये चढवायचे, घाट उतरायचा आणि पुढे मुंबईपर्यंतचे ऐंशी-नव्वद किलोमीटर काढायचे.

म्हणून दुखणे येण्याआधीच पाहावे लागते. रात्री तबेल्यात कंदील किंवा टॉर्च घेऊन मालक तोबरा रिकामा झाला का ते बघतो, घोड्याच्या कुशीला कान लावतो. आतडी गुरगुरत असली तर ठीक. पोट अगदी गप्प असेल, तर डॉक्टर येईपर्यंत सगळे घर जागे. पहाटे लिदीचा पहिला गोळा पडला, की घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. तरी त्या दिवशी पाठीवर खोगीर चढवायचे नसते.