चार बोटांचे अंतर

शर्यतीत सर्वांना अंतर सारखेच धावावयाचे असते. वेळ मात्र ज्याच्या त्याच्या वेगानुसार लागतो. वेग अधिक, तर वेळ कमी. म्हणून अंतर समान असता वेग व वेळ यांचे प्रमाण व्यस्त असते. वेळ समान असता वेग व अंतर यांचे प्रमाण सम असते.

१९८४ साली लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रुमानियाच्या क्रिस्तियाना कोजोकारू ५५.४१ सेकंदांत तिसऱ्या आल्या. भारताच्या पी. टी. उषा यांना ५५.४२ सेकंद लागले. वेळांचे गुणोत्तर ५५४१ : ५५४२, म्हणून सरासरी वेगांचे गुणोत्तर ५५४२ : ५५४१.

कोजोकारू यांनी शर्यत संपविली, तेवढ्या वेळात उषा यांनी सरासरी वेगाने किती अंतर कापले असेल? ४०० ला ५५४१ ने गुणून ५५४२ ने भागावे. उत्तर येते सुमारे ३९९.९३ मीटर. उरले केवळ सात सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम चार बोटे! तेवढ्यानेच कांस्यपदक हुकले.

दशांशचिन्हापुढील अंक क्षुल्लक समजून जो सोडून देतो, त्याने ही चार बोटे आठवावीत.