पस्तिसाव्या हिश्श्यातला पॅटन

प्लॅस्टिकचा रणगाडा जुळवण्याचा नाद आपल्या शहरात कधी फार जणांना लागला नाही, पण गेल्या चाळीसेक वर्षांत तो सुटलाही नाही. १९८०च्या दशकात औरंगाबादेत किट विकत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. आयातीवर बंधनं होती. कुणाचा मामा विलायतेत किंवा आखातात असला तर एअरफिक्सचा एखादा डबा बॅगेतून यायचा. रंग मात्र इथलाच, साइनबोर्ड रंगवणाऱ्याकडून मागून आणलेलं इनॅमल. त्याला चकाकी इतकी की रणगाडा शोरूममधून निघालेल्या स्कूटरसारखा दिसायचा.

गंमत म्हणजे त्याच सुमारास हे शहर प्लॅस्टिकचं होत होतं. १९८५मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ सुटे भाग पुरवणारे मोल्डिंगवाले आले. पुढे चिकलठाण्याला इंडो जर्मन टूल रूम उभी राहिली. गाडीचा प्लॅस्टिकचा भाग जसा बनतो तसाच रणगाड्याचा किटही बनतो. पोलादी साच्यात वितळलेलं प्लॅस्टिक दाबाने सोडायचं, थंड झालं की पिनांनी ढकलून बाहेर काढायचं. म्हणूनच वाळूजच्या शॉप फ्लोअरवरचा माणूस किट उघडला की डब्यावरचं चित्र बघत बसत नाही. तो फ्रेम उलटी करून इजेक्टर पिनच्या खुणा शोधतो, कडेची फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून आलेली पातळ पापडी, नखाने तपासतो. साचा किती जुना, हे त्याला सूचनापत्रक न वाचताच कळतं.

१९९१नंतर आयातीची दारं किलकिली झाली. एप्रिल २००१मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंवरचे उरलेसुरले आयात-निर्बंधही उठले, आणि मुंबई-पुण्याच्या दुकानांतून तामियाचे डबे इकडे येऊ लागले. या जपानी कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं. आत मोटार आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून त्याचं माप ठरलं, ते भरलं साधारण एकास पस्तीस. पुढे सगळ्या जगाने तेच प्रमाण मानलं. या प्रमाणात पावणेसहा फुटी सैनिक पाच सेंटिमीटरचा होतो, आणि मॉडेलवर एक मिलिमीटर चुकलं की खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटर चुकतात.

मापं ताडून बघायला आपल्याला जर्मनीला जावं लागत नाही. नगरला आर्मर्ड कोरच्या केंद्राने १९९४मध्ये रणगाड्यांचं संग्रहालय उघडलं. रोल्स-रॉइसच्या चिलखती गाडीपासून भारतीय विजयंता रणगाड्यापर्यंत सगळं तिथे उघड्यावर उभं आहे. एसटीने अडीच-तीन तास. छायाचित्रात सपाट दिसणारा अमेरिकी पॅटन रणगाड्याचा बुरूज जवळून पाहिला की खरखरीत निघतो, कारण तो ओतीव पोलादाचा. ही खरखर किटमध्ये क्वचितच नीट उतरते. मग पुट्टी थिनरमध्ये पातळ करून लावायची, ओली असतानाच जुन्या टूथब्रशने टोचत जायचं, वाळल्यावर वरून हलका पॉलिश पेपर. किटमधल्या जाडजूड कड्या कापून टाकायच्या आणि तिथे मोटार रिवायंडिंगच्या दुकानातली तांब्याची तार वाकवून बसवायची. अँटेनासाठी रनरचा, म्हणजे फ्रेमच्या दांडीचा, तुकडा मेणबत्तीवर धरायचा, मऊ पडला की दोन्ही हातांनी ओढायचा. केसाएवढी तार निघते, फुकटात.

चिखलाशी मात्र आमची मंडळी अजून नीट वागत नाहीत. सप्टेंबर १९६५मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरला पाकिस्तानी पॅटन अडकले, ते आपल्या सैन्याने कालव्याचं पाणी सोडून भिजवलेल्या शेतांत. तिथली माती गाळाची, फिकट तपकिरी. इकडचा हौशी कलाकार शेतातली माती चाळून चाकांना लावतो आणि पॅटन थेट पैठण रस्त्यावरच्या काळ्या रानात रुतवतो. वर गंजाचे ओघळ! अरे, कालपर्यंत चालता असलेला रणगाडा एका रात्रीत गंजेल कसा? चिखल पट्ट्यांपासून वर चढत विरळ होत गेला पाहिजे, आणि वाळलेला चिखल ओल्यापेक्षा फिकट. एवढं साधलं तरी निम्मं काम झालं.

हवामानाचाही जाच आहे. मे महिन्यात एअरब्रशमधला रंग मॉडेलवर पोचायच्या आतच सुकतो आणि पृष्ठभागावर भुकटी बसते. पावसाळ्यात लॅकर धुरकट पांढरं पडतं. त्यामुळे इथले जाणते लोक रंगकाम दिवाळीनंतर काढतात.

किट मिळण्याच्या बाबतीत मधली दहाएक वर्षं ऑनलाइन खरेदीमुळे सुखाची गेली. मग २०२०च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची आयात जकात २०वरून ६० टक्के झाली, २०२३मध्ये ७०. जकातीच्या वर्गवारीत ही मॉडेलंही खेळण्यांतच मोडतात. शिवाय १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. देशी उत्पादकाला वाव मिळावा हा हेतू रास्तच आहे. पण त्या वावाचा उपयोग करून कुणी देशी रणगाडा बाजारात आणल्याचं मला तरी आढळलं नाही. चेन्नईजवळच्या आवडी इथे तयार झालेल्या, १०५ मिलिमीटर तोफेच्या विजयंताचा प्लॅस्टिकचा किट आजवर माझ्या हाती लागलेला नाही.

पोलादी साचा महाग पडतो आणि खप थोडा, हे मान्य. पण साचा कापणारे हात इथे आहेत, मशिनं वाळूजला आहेत आणि मूळ विजयंता नगरला उभा आहे. शेंद्रा-वाळूजच्या एखाद्या टूलरूमवाल्याने हे मनावर घ्यावं. पहिल्या खेपेचे दोन डबे माझ्या नावावर लिहून ठेवावेत.