अँटिकिथेरा : वाऱ्याच्या वाटेवरील बेट

ग्रीसच्या नकाशात पेलोपोनीज हा द्वीपकल्प हाताच्या पंजासारखा समुद्रात उतरलेला दिसतो. त्याच्या बोटांखाली किथेरा नावाचे बेट आहे आणि पुष्कळ खाली क्रीट हे मोठे बेट आडवे पसरले आहे. या दोहोंच्या मध्ये बारीक नजरेने पाहिल्यास एक ठिपका आढळतो. शाळेच्या नकाशात तो असलाच, तर शाईचा डाग समजून कोणीही सोडून देईल. हेच अँटिकिथेरा. क्षेत्रफळ सुमारे २० चौरस किलोमीटर; २०२१ सालच्या जनगणनेत वस्ती अवघी ३९. आमच्या शाळेतील एकेका वर्गात याहून अधिक मुले बसतात.

आम्ही तेथे गेलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. परंतु समुद्रकाठी वाढलेल्या माणसास शिडाच्या नौकेचा मार्ग नकाशावर बोटाने गिरवण्याचा नाद असतो, आणि या मार्गाचे कोडे मोठे गमतीचे आहे. त्या बेटावर पोहोचणे सोपे. तेथे राहणे कठीण. परतणे त्याहून कठीण.

किथेराहून अँटिकिथेरा आग्नेयेस सुमारे ३८ किलोमीटर, म्हणजे वीस-एकवीस सागरी मैल आहे. हौशी प्रवाशांची लहान यॉट बऱ्या वाऱ्यात ताशी पाच सागरी मैल चालते. तेव्हा सकाळी निघालेली नौका दुपारपर्यंत पोहोचावी. उन्हाळ्यात तेथे उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून वारा वाहतो. जाताना तो नौकेस बाजूने किंवा किंचित मागून मिळतो, आणि शीड भरून नौका सुखाने पुढे सरकते. यॉटच्या तळाशी शिशाचा किंवा लोखंडाचा जड कणा पाण्यात उतरलेला असतो. वारा नौकेला आडवी लोटू पाहतो आणि हा कणा तिला आडवे सरकू देत नाही. म्हणून ती पुढे जाते.

या वाऱ्यास आज मेल्टेमी म्हणतात. प्राचीन ग्रीक त्यास ‘एतेसियाई’, म्हणजे दरवर्षी येणारे वारे, म्हणत. आपल्या ‘मोसमी’ शब्दाच्या मुळाशीही अरबीतील ‘मौसिम’, म्हणजे ऋतू, हाच अर्थ आहे. हे साम्य केवळ नावापुरते नाही. उन्हाळ्यात आपल्या वायव्येच्या तापलेल्या भूमीवर हवेचा दाब उतरतो. त्याकडे समुद्रावरची बाष्पभरली हवा धाव घेते आणि आपल्याकडे पाऊस कोसळतो. कमी दाबाचा हाच पट्टा पश्चिमेस तुर्कस्तानापर्यंत पोहोचतो. बाल्कन प्रदेशावर मात्र दाब अधिक असतो. या दोहोंतील तफावतीमुळे ग्रीसच्या समुद्रावर उत्तरेचा कोरडा वारा सुटतो. एकाच कारणाची ही दोन अपत्ये : एक ओले, एक कोरडे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याणसारख्या आपल्या बंदरांची नोंद आहे. त्याच्या कर्त्यानेही, आमच्याकडे एतेसियाई वाहतात त्याच काळात हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर समुद्राकडून वारा येतो, असे लिहून ठेवले आहे. आमच्या गावचे रांपणकार होड्या वाळूवर ओढून माडाच्या झावळ्यांखाली झाकून ठेवतात, तेव्हा तिकडचा खलाशीही वाऱ्याचाच हिशेब करीत असतो.

भेद इतकाच, की आपल्या वादळाची वर्दी काळे ढग देतात. मेल्टेमी निरभ्र आकाशातून येतो. ऊन लख्ख असते, वायुभारमापकातील पारा बहुधा उतरत नाही, आणि तरीही दुपारपर्यंत समुद्र पांढऱ्या फेसाने भरून जातो. नवशिका येथेच फसतो.

बेटाचे बंदर पोटामोस नावाच्या लहान खाडीत आहे. चार पांढरी घरे, एक धक्का, भोवती उघडे खडक. परंतु खाडीचे तोंड नेमके उत्तरेस! मेल्टेमीने जोर धरला की लाटा थेट आत शिरतात आणि नांगर टाकून उभी असलेली नौका खडकाकडे ओढली जाऊ लागते. अशा वेळी शहाणा तांडेल निसर्गशोभा पाहत बसत नाही. रात्र पडण्यापूर्वी नांगर उचलतो. कधी कधी क्रीटहून येणारी मोठी बोटही धक्क्यास न लागताच पुढे निघून जाते. बेट इतके शांत का राहिले, याचे एक मोठे कारण हा वारा आहे, असे आम्हांस वाटते.

या बेटाची कीर्तीही वाऱ्यानेच झाली. १९०० साली सिमी बेटाचे स्पंज काढणारे पाणबुडे वादळामुळे येथे अडकून पडले. वेळ जावा म्हणून एकाने बुडी मारली, आणि तळाशी माणसांची व घोड्यांची प्रेते पडली आहेत असे सांगत तो घाबरून वर आला. ती प्रेते नव्हती. दोन हजार वर्षांपूर्वी बुडालेल्या जहाजातील पुतळे होते. पुढील वर्षी ते वर काढताना, सुमारे ४५ मीटर खोलीवर पुनःपुन्हा उतरल्याने एक पाणबुडा मरण पावला व दोघे पंगू झाले. खोलातून त्वरेने वर आल्यास रक्तातील नायट्रोजन वायूचे बुडबुडे होतात, हे त्या गरिबांना कोण सांगणार? त्याच सामानात गंजलेल्या काशाचा एक गोळा होता. १९०२ मध्ये त्यात दातेरी चाक दिसले. सूर्यचंद्रांच्या गती व ग्रहणे वर्तविणारे ते यंत्र आज अथेन्सच्या संग्रहालयात आहे. त्याची तीस चाके शिल्लक आहेत. पुतळे पाहणारे पुष्कळ. त्या पाणबुड्यांची आठवण किती जणांना होत असेल, देव जाणे.

या वाऱ्याचे खरे मित्र म्हणजे एलिओनोरा ससाणे. ते मादागास्करहून येतात आणि इतर पक्ष्यांप्रमाणे वसंतात नव्हे, तर उन्हाळ्याच्या अखेरीस पिले वाढवितात. कारण तेव्हा युरोपातून दक्षिणेस निघालेले थकलेले छोटे पक्षी या बेटावरून जातात. ससाणे वाऱ्याकडे तोंड करून कड्यावर तरंगत राहतात. भक्ष्य आपोआप समोर येते.

माणसांचे मात्र असे नाही. अनेक वर्षे मुलांअभावी बंद असलेली तेथील प्राथमिक शाळा २०१८ मध्ये तीन मुलांसाठी पुन्हा उघडली. तीन मुलांसाठी एक शिक्षिका समुद्र ओलांडून त्या खडकावर राहावयास गेली, हे वाचून आम्हां शिक्षकांस कसे वाटले, ते सांगावयास नको.

राहिला परतीचा प्रवास. आता वारा जवळजवळ तोंडावर. सरळ वाऱ्यात कोणतेही शीड चालत नाही. नौकेने वाऱ्याशी अर्धा काटकोन ठेवून कधी उजवीकडे, कधी डावीकडे असे नागमोडी जावे लागते. थेट वाऱ्याकडे वीस मैल सरायचे, तर पाण्यावरची वाट अठ्ठावीस मैलांची होते, आणि प्रत्येक लाट नाळेवर आदळते. मेल्टेमी बहुधा दुपारी जोर धरतो. म्हणून माहीतगार खलाशी पहाटे, कड्यावरचे ससाणे उठण्याच्या सुमारास, पोटामोसच्या खाडीतून नांगर उचलतात.