अणुभट्टीच्या शेजारी नागराज

जुलै 2025 मध्ये 'सुपरमॅन' आला, त्यात मेटामॉर्फो आणि मिस्टर टेरिफिक झळकले आणि अडगळीतल्या सुपरहिरोंना एकदम भाव आला. पोरं आता त्यांचे जुने अंक शोधताहेत. जरूर शोधावेत. पण त्यांच्याहून चक्रम आणि माझ्या मते जास्त कल्पक नायक आपल्याकडे होऊन गेले. त्यांचं नाव कोणी काढत नाही, याचं वाईट वाटतं.

तारापूरच्या अणुवीज केंद्राशेजारी, सरावली-बोईसरकडे राहणाऱ्याला एक गोष्ट चटकन जाणवावी. अमेरिकेत 1962 साली हल्क गॅमा किरणांतून घडला, तर स्पायडरमॅन किरणोत्सर्गी कोळ्याच्या चाव्यातून. 1969 मध्ये तारापूरची वीज सुरू झाली. तरी आपल्या कॉमिक्सवाल्यांनी नायकासाठी अणुभट्टीचं दार ठोठावलं नाही. त्यांनी थेट वारुळात हात घातला.

राज कॉमिक्सचा नागराज 1986 मध्ये आला. प्रोफेसर नागमणीने त्याला तयार केलं ते दहशतवाद्यांना भाड्याने द्यायला. रक्तात पांढऱ्या पेशींच्या जागी सूक्ष्म साप, मनगटातून सुटणारे नाग, फुंकरीत विष. त्याच्या डोक्यात नागमणीने बसवलेली कॅप्सूल असते आणि तिच्या जोरावर त्याला हवं तसं नाचवता येतं. ती काढून टाकतात बाबा गोरखनाथ! परशुराम शर्मांच्या या कथेत प्रयोगशाळा माणसाला गुलाम करते आणि नाथपंथी साधू त्याला मोकळं करतो. हल्कच्या कथेला तोडीस तोड अशी ही कल्पना आहे.

आणि चित्रं? ती पुण्याच्या प्रताप मुळिकांची. अमर चित्रकथेत पुराणातल्या राजा-राण्या रंगवणारा हाच हात. नागराजच्या आधी त्यांनी 'सुप्रिमो'ही काढला होता. हा सुप्रिमो म्हणजे खुद्द अमिताभ बच्चन. अंगाला घट्ट बसणारा गुलाबी पोशाख, काळा चष्मा, गळ्यात लॉकेट. साथीला शाहीन नावाचा ससाणा आणि सोनाली नावाची डॉल्फिन. मदतनिसांची नावं विजय आणि अँथनी, म्हणजे बच्चनच्याच गाजलेल्या भूमिकांची. संहितेला सल्ला गुलजारांचा. एवढा फौजफाटा असूनही मालिका दोनेक वर्षांत आटोपली.

2004 मध्ये मार्वलचा स्पायडरमॅनही मुंबईत उतरला. पवित्र प्रभाकर, नेसायला धोतर, चित्रं जीवन कांग यांची. गंमत म्हणजे इथे किरणोत्सर्ग गेला आणि योग्याने शक्ती बहाल केली. 2023 च्या ॲनिमेशनपटामुळे तो जगभर पोचला, पण मला ही योजना उथळ वाटते. योगी येतो, वर देतो, काम संपलं. नागराजमध्ये विज्ञान आणि साधना एकमेकांना भिडतात. इथे त्या झटापटीचा मागमूस नाही. परक्याला हवा असलेला भारत आणि आपल्याला सुचलेला भारत यांतला फरक हाच.

पालघर-बोईसरच्या घरांत पोटमाळ्यावर इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ, नागराज, एखादा सुप्रिमो अजून पडून असेल. रद्दीवाल्याला देण्याआधी चित्रकाराचं नाव शोधा. आपल्या तालुक्यातल्या वाचनालयांनी या अंकांसाठी एक कपाट मोकळं करावं आणि त्यावर प्रताप मुळीक यांचं नाव लिहावं.