बांदाच्या जायफळबागेत

पुरणात, बासुंदीत, तान्ह्या बाळाच्या गुटीत जायफळ हवंच. पण ते मूळचं कुठलं, हे आपल्यापैकी फारसं कुणी विचारत नाही. अठराव्या शतकापर्यंत जगाला लागणारं जवळजवळ सगळं जायफळ आजच्या इंडोनेशियातल्या चिमुकल्या बांदा बेटांवरून जात असे. ती बाग बघायचीच होती, म्हणून आंबोनहून बोट धरली.

बांदा बेसार बेटावर वर उंचच उंच कनारीची झाडं आणि त्यांच्या सावलीत जायफळं. तोडणी करणारे बापा साठीच्या पुढचे. हातात आपल्या आंब्याच्या झेल्यासारखा लांब बांबू, टोकाला विणलेली टोपली नि तिला दात. झाडाला हिसडा म्हणून नाही. पिकून तडकलेलं फळ तेवढं दातांत धरायचं, मनगट किंचित वळवायचं, की फळ टोपलीत. शेजारचं हिरवं फळ हलतसुद्धा नाही. मी बराच वेळ ते मनगटच बघत राहिले.

फळ उघडलं की आत काळपट तपकिरी, चकचकीत बी आणि तिला घट्ट बिलगलेली लालभडक जायपत्री. बापांनी ती अंगठ्यानं अलगद, अखंड सोडवली. पुढचं काम वाळवणाचं: जायपत्री पिवळसर होईपर्यंत, बी कवचात खुळखुळेपर्यंत.

जायपत्री सोडवता सोडवता बापा म्हणाले, "चव्वेचाळीस." मग मान न उचलता पुन्हा, "चव्वेचाळीस माणसं."

८ मे १६२१. समोरच्या नेइरा बेटावर डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जपानी भाडोत्री सैनिकांनी बांदाच्या ४४ ओरांग कायांची, म्हणजे गावच्या पुढाऱ्यांची, मुंडकी उडवली. कंपनीचा गव्हर्नर-जनरल होता यान पीटरसून कून. बांदाच्या लोकांनी जायफळ फक्त कंपनीलाच विकावं, हा त्याचा हट्ट; त्यासाठीच त्यानं बेटांवर स्वारी केली. आणि हे लोक तर डच येण्याआधीपासून स्वतःच्या होड्यांतून पार मलाक्क्यापर्यंत व्यापार करणारे, जायफळ देऊन तांदूळ नि गुजरातचं कापड घेणारे! अशा माणसांनी एकाच गिऱ्हाइकाच्या दारात का उभं राहावं? बेटांवर सुमारे १५,००० लोक होते, त्या स्वारीनंतर हजारभर उरले असावेत. बाकीचे मारले गेले, उपासमारीनं मेले, गुलाम म्हणून नेले गेले किंवा समुद्रापार पळाले.

कंपनीनं मग बागांचे ६८ तुकडे पाडून युरोपियन मळेवाल्यांना दिले आणि राबायला गुलाम आणले. जायफळ दुसरीकडे रुजू नये म्हणून ते चुन्यात बुडवून पाठवत. तरी फ्रेंचांनी १७७० च्या सुमारास रोपं मॉरिशसला पळवलीच. पुढे इंग्रजांनीही रोपं पिनांगला नेली.

बापांचे पूर्वज त्याही नंतरचे, जावातून मळ्यावर मजुरीला आणलेले. तरीही ते ४४ त्यांना आपलेच वाटतात, आणि मला ते रास्त वाटतं. कंपनीनं या बेटांचा विकास केला असं कुणी म्हणू नये. व्यापार इथे आधीच भरभराटीला आला होता. कंपनीनं तो करणारी माणसं संपवली.

बांदाची मूळ भाषा आज बांदावर बोलली जात नाही. ती ऐकायची तर आग्नेयेला केई बेसार बेटावर जावं लागतं. तिथल्या बांदा एली आणि बांदा एलात या गावांत तेव्हा पळून वाचलेल्यांचे वंशज राहतात.