एआय भ्रूण निवडतं म्हणजे आयव्हीएफ यशस्वी होतं का? समजून घ्या सोप्या भाषेत

धामणगाव रेल्वेतल्या माझ्या वयाच्या जोडप्यांना आयव्हीएफसाठी अमरावती नाहीतर नागपूर गाठावं लागतं. त्याआधी मोबाइलवर जाहिरात येते: एआयने निवडलेलं भ्रूण, जास्त यश! मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण यातलं एआय नेमकं काय करतं, ते पैसे भरण्याआधी माहीत असलेलं बरं.

स्त्रीबीजाची गुणवत्ता म्हणजे काय?

साधारण पस्तिशीनंतर स्त्रीबीजात गुणसूत्रांची संख्या चुकण्याचं प्रमाण वेगाने वाढतं. अशा बीजापासून बनलेलं भ्रूण बहुतेकदा रुजतच नाही, किंवा गर्भपात होतो. एएमएच ही रक्ततपासणी बीजांच्या साठ्याचा अंदाज देते, दर्जाचा नाही. फोनचंच बघा ना: चार्जिंग किती टक्के ते दिसतं, पण त्यावरून बॅटरी हेल्थ कळत नाही.

एआय काय करतं?

इन्क्युबेटरमधला कॅमेरा वाढत्या भ्रूणाचे दर काही मिनिटांनी फोटो काढतो. ते पाहून एआय प्रत्येक भ्रूणाला गुण देतं. म्हणजे असलेल्या भ्रूणांचा फक्त क्रम लागतो, त्यांचा दर्जा सुधारत नाही.

2024 मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये 1,066 रुग्णांवरची चाचणी छापून आली. एआयने भ्रूण निवडलं त्या गटात गर्भधारणा 46.5 टक्के, तज्ज्ञांनी निवडलं त्या गटात 48.2 टक्के. एआयला वेळ मात्र जवळपास दहापट कमी लागला. थोडक्यात, लॅबचा वेळ वाचला. गर्भधारणा वाढली नाही.

भ्रूण रुजतं कसं?

पाच-सहा दिवसांचं भ्रूण कवचातून बाहेर पडून गर्भाशयाच्या अस्तराला चिकटतं. हे अस्तर थोडेच दिवस त्यासाठी तयार असतं. म्हणून दिसायला उत्तम भ्रूणही कधी कधी रुजत नाही. त्यात बाईचा दोष नसतो.

मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमच्या प्रयत्नांतून 6 ऑगस्ट 1986 ला टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा एआय नव्हतं. बीज, शुक्राणू आणि अस्तर यांचं जुळणं तेव्हाही लागायचं, आजही लागतं.

क्लिनिकमध्ये हे विचारा

- 2021 च्या एआरटी कायद्याखाली नोंदणी आहे का?
- आमच्या वयोगटात प्रत्यक्ष बाळ हाती येण्याचं प्रमाण किती? (फक्त टेस्ट पॉझिटिव्ह आल्याचं नको.)
- एआयचे वेगळे पैसे का, आणि त्याने आमचा फायदा काय?
- नवऱ्याची वीर्यतपासणी झाली का?

शेवटचा प्रश्न घरातूनच टाळला जातो. ही तपासणी स्वस्त आहे, ती सुरुवातीलाच करून घ्या.